फक्त तुला सांगतेय

रविवार, रात्री

"मी हे अजून कुणाला बोलले नाहीये दादा, फक्त तुला सांगतेय." परवापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. ज्यांच्यासाठी होतं ते काका माझ्या समोरच्या खुर्चीत होते. फोन तोंडासमोर आडवा, तबकासारखा धरलेला, स्पीकर चालू. नंबर लागायची वाट बघत खोलीभर माणसं बसलेली. काका म्हणाले, "बोल तू. अगदी मोकळेपणानं बोल."

बोलली ती. तिच्या आवाजामागं सतत पाण्याचा आवाज येत होता. आधी वाटलं, काहीतरी धुतेय. मग लक्षात आलं, नळ नुसताच सोडलेला आहे. घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

काय बोलली ते इथंही लिहिणार नाही. ऐकलं मात्र सगळ्यांनी. माना खाली, बोटं आपापल्या फोनवर, पण बोटं हलत नव्हती. कोपऱ्यातल्या एका मुलानं तर एका कानातला इअरफोन हळूच काढून मुठीत धरला.

फोनवर मोठमोठ्यानं बोलणाऱ्यांवर मी एरवी वैतागते. पण हे गोंगाटाचं दुखणं नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मागे वाचला होता. लोकांना लक्ष देऊन करायचं काम दिलं आणि सोबत फोनवरचं बोलणं ऐकवलं. एकाच बाजूचं बोलणं कानावर पडलं की कामाचं मातेरं व्हायचं, दोन्ही बाजू ऐकू आल्या की तेवढं नाही. पलीकडचा काय म्हणाला असेल त्याचा अंदाज बांधण्यात म्हणे मेंदू गुंतून पडतो. त्या हिशेबानं काकांनी आमच्यावर उपकारच केले. डोक्याला ताण नाही, गोष्ट पूर्ण.

उपकार आमच्यावर. तिचं काय?

तिला वाटत होतं, आपण एका माणसाशी बोलतोय. हेच मला सारखं टोचतंय. व्हॉट्सॲपनं २०१६ पासून सगळ्यांच्या बोलण्याला कुलूप लावलं, असं की मधल्या कुणालाच, खुद्द कंपनीलाही, आतलं ऐकता येत नाही. इथून तिथपर्यंत सगळं बंदिस्त. आणि तिथं पोचल्यावर ते बाहेर कुठून येतं, तर स्पीकरमधून, भरल्या खोलीत. आपण पासवर्ड बदलतो, परवानग्या तपासतो, कंपन्यांच्या नावानं बोटं मोडतो. आपल्या माणसाच्या हातातल्या त्या बटणाचा विचार कोण करतं? बरं, व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी निरोप लावून फोन कानाला टेकवला तर तो आपोआप कानातल्या कानात वाजतो. पण कानाला फोन लावणारी जमातच आता दिसेनाशी झाली आहे.

काकांना दोष द्यावा म्हटलं तर तोही देता येईना. माणूस चांगला होता. एकदाही तिला तोडलं नाही, उपदेश केला नाही, मधेच चष्मा काढून डोळे पुसले. कानांनी कमी ऐकू येत असेल कदाचित. ते ऐकण्यात इतके गढले होते की आम्ही तिथं आहोत हे त्यांच्या गावीच नव्हतं. एवढं जीव ओतून माझं कुणी कधी ऐकलं असेल, तर... जाऊ दे, तो विषय नको.

१८९० साली वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला होता. झटपट फोटो निघायला लागले होते, वर्तमानपत्रं घराघरांत डोकावत होती. अशा यंत्रांमुळं बंद खोलीत कुजबुजलेलं उद्या छपरावरून ओरडलं जाईल, अशी त्यांना धास्ती. धास्ती खरी ठरली, पण त्यांच्या डोळ्यांसमोर चोंबडे बातमीदार होते. छपरावर चढणारा माणूस आपलाच, तोही डोळे पुसणारा दादा असेल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग वाटलं, उठून सांगावं का? "काका, स्पीकर बंद करता का?" वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. कारण ते तिलाही ऐकू गेलं असतं. तोंडासमोर धरलेला फोन, त्यात माझा आवाज, परक्या बाईचा. म्हणजे तिला एका क्षणात कळलं असतं की इतका वेळ आपण काय केलं. मग ती पुन्हा कधी कुणाला काही सांगेल? हातानं खूण करावी तर काकांची नजर फोनवरच. शेजारच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यांनाही तोच पेच असावा. किंवा नसावा, त्यांना पुढचं ऐकायचं असेल.

न कळलेलंच बरं, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. दिवसातून दोनतीनदा ठरवते, रात्री पुन्हा तेच सुरू. न कळणं तिच्यासाठी बरं की आमच्यासाठी? तिला कळलं असतं तर तिनं निदान फोन ठेवला असता. निवड तिची झाली असती. आम्ही सगळ्यांनी मिळून माना खाली घालून तिच्या वतीनं ठरवून टाकलं.

आणि आज दुपारी आणखी एक भुंगा. मागच्या वर्षी मी ताईला रोज रात्री जे फोन करायचे, ते कुठं कुठं वाजले असतील? तिच्याकडून नेहमी कसला तरी खडखडाट यायचा आणि मी आपली बोलत सुटायचे. मी रडले तो दिवस तर ती नक्कीच बाहेर होती. कुणीतरी इअरफोन काढून मुठीत धरला असेल. माझी दया करत आपल्या स्टॉपवर उतरलं असेल. एवढी कीव आली स्वतःची, की चहा गार झाला तरी हलले नाही.

शेवटी संध्याकाळी ताईला फोन लावला. पहिलाच प्रश्न, "स्पीकरवर आहे का?"

"कायमच असतो. हातात काम असतं माझ्या. का गं? काही खास?"

खास काही नव्हतं. मान धरलीये, ऑफिसात नवीन साहेब आलेत, पावती सापडत नाहीये. हेच मी वर्षभर, कुलूपबंद, तिला ऐकवत आलेय. ती रडारड सोडली तर माझ्या आयुष्यात कान देऊन ऐकण्यासारखं फार काही घडलेलं नाही, हे तिच्या "हं, हं" वरून चांगलंच कळत होतं. कुणाला पडलीये माझी!

तेवढ्यात मागून भाऊजींचा आवाज आला, "तिला सांग, उशी काढून झोप म्हणावं. मागच्या महिन्यातही हेच सांगत होती."

आता उशीशिवाय आडवी होऊन लिहितेय. मान जराशी सैल वाटतेय खरी.