जूनच्या पावसात डिसेंबरचा बर्फ

कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करून मला बावीस वर्षं झाली. जून लागला की वायपरच्या तक्रारींची रांग लागते. उन्हात वाळून कडक झालेलं रबर, पाल्यानं तुंबलेली काचेखालची जाळी, उडालेला फ्यूज. बहुतेक वेळा गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधीच मला दुखणं कळतं. त्यामुळं त्या दिवशी एका रिटायर गुरुजींची गाडी आली तेव्हा अर्ध्या तासात हातावेगळी करू, असंच धरून चाललो होतो.

गुरुजी पोराला घेऊन गगनबावड्याहून येत होते. पाऊस म्हणजे काय ते त्या बाजूला गेल्यावर कळतं. ऐन धारेत ड्रायव्हरकडचा वायपर काचेवर निम्म्यात थांबला, डावा चालूच. "मिस्त्री, डावीकडनं वाकून बघत कळे गाठलं. मान धरलीया," म्हणाले.

स्विच लावून बघितलं. डावा आर्म झकास फिरला, उजवा जागेवरच थरथरला. म्हणजे करंट, फ्यूज, मोटर सगळं ठीक. नट ढिला असणार. टोपण काढून 14 चा पाना लावला, तर नट कचकचून आवळलेला. इथं पहिल्यांदा डोकं खाजवलं.

नट काढून आर्म उपसला आणि आतनं पत्र्याची चिंधी पडली. नखाएवढी, एका बाजूला लाल रंग. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा! आर्मच्या भोकातले ॲल्युमिनियमचे दाते पार झिजून गुळगुळीत. आर्म ज्यावर बसतो तो मोटरकडनं फिरणारा दांडा पोलादी, त्याचे दाते शाबूत. कुणीतरी कॅन कापून पाचर मारली होती आणि वरून नट आवळला होता.

आता पावसात दाते असे जात नाहीत. ओल्या काचेवर ब्लेड लोण्यासारखं सरकतं. दाते जायला आर्म कशानं तरी घट्ट धरून ठेवलेला पाहिजे आणि मोटरनं मागून ओढायला पाहिजे.

"गुरुजी, ह्याला आधी कुणी हात लावला होता?"

"छे! आमच्यात वायपरला कोण हात लावतंय?"

सहज म्हणून काचेवर पाणी मारून बघितलं. पंपाचा आवाज आला, पाण्याचा थेंब नाही. "ते एक कोडंच हाय," गुरुजी म्हणाले. "दर रविवारी दोन लिटर ओततो, मंगळवारी टाकी रिकामी. मला वाटायचं पोरगं उगाच फवारे उडवतंय." गाडीखाली शिरलो. प्लास्टिकच्या टाकीला बुडाशी उभी चीर. बंपरला ओरखडा नाही, दगड लागल्याची खूण नाही, आणि चिरेचे ओठ बाहेरच्या बाजूला उलटलेले. आतल्या कशानं तरी टाकी फोडली होती.

फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली डोळ्यासमोर आली. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं. पण आपल्या कोल्हापुरात पारा दहाच्या आसपास आला तरी शेकोट्या पेटतात, इथं टाकीत बर्फ कुठला?

"गुरुजी, गाडी बर्फात गेली होती काय?"

ते हसायला लागले आणि मधेच थांबले. वळून पोराकडं बघितलं. पोरगं मोबाइलमध्ये तोंड घालून उभं.

डिसेंबर अखेरीला मित्रांबरोबर गाडी घेऊन मनालीला गेलं होतं. अटल बोगद्यातनं पलीकडं सिस्सूला मुक्काम. रात्री बर्फ पडत असताना वायपर चालू ठेवूनच चावी काढली. सकाळी ब्लेड काचेला गोठून चिकटलेलं, वर वीतभर बर्फ. ह्यानं चावी फिरवली. स्विच चालूच, मोटरनं लगेच ओढ घेतली. ही मोटर दिसायला मुठीएवढी, पण वर्म गिअरमुळं, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरमुळं, ताकद लई. एकीकडं बर्फ, एकीकडं मोटर. मधलं मऊ ॲल्युमिनियम गेलं. मोटर जळली असती तर भुर्दंड मोठा होता. तिथल्याच एका मेकॅनिकनं पाचर मारून वाटेला लावलं. त्याचं काम वाईट म्हणणार नाही, गाडी घरी पोचली. इथं आल्यावर पाच महिने वायपर लावतंय कोण? वळवाच्या दोन सरी पाचरीनं निभावल्या, गगनबावड्याच्या पावसाला आणि समोरच्या वाऱ्याला ती पुरली नाही.

"काचेवर गरम पाणी नाही न्हवं ओतलंस?"

"ओतणार होतो. चहावाल्यानं किटली काढून घेतली."

त्या चहावाल्याला इथूनच नमस्कार. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी पडलं की तडा जायला वेळ लागत नाही.

शेजारचा लेथवाला म्हणाला, "आण इकडं, नवे दाते पाडून देतो." उद्यमनगरात कशालाच नाही म्हणत नाहीत. पण झिजलेल्या पातळ ओतकामात दाते पाडून ते घाटात पाठवायला माझं मन घेईना. नवा आर्म, नवी टाकी घातली. वायपर आधी पार्क करून घेतले, म्हणजे मोटर थांबायच्या ठरलेल्या जागी आणली, आणि मगच आर्म दांड्यावर बसवला, नाहीतर पहिल्याच फेरीत ब्लेड काचेबाहेर जातं.

पोरगं हळूच जवळ आलं. "मिस्त्री, परत गेलो तर काय करायचं?"

सांगितलं. चावी काढायच्या आधी वायपर बंद कर. झोपायच्या आधी दोन्ही आर्म काचेवरनं उचलून उभे ठेव. सकाळी आधी हीटर, ब्लेड हातानं सुटलेलं बघ, मगच स्विच. आणि टाकीत नळाचं पाणी नाही, न गोठणारं वॉशर फ्लुइड.

गुरुजी मागून ऐकत होते. "परत जाणाऱ्याला म्हणावं," ते मलाच म्हणाले, "आधी टाकीचे पैसे दे."

पोरानं मोबाइल काढला आणि माझा स्कॅनर कुठं आहे ते विचारलं.