सूर्याच्या लेकीच्या दारी

मे महिन्यात नागपूरला गच्चीवरच्या टाकीचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं. अशा दिवसांत आम्ही बहीण-भाऊ यमुनोत्रीला निघालो. लहानपणापासून दर भाऊबीजेला आईच्या तोंडून यम-यमुनेची गोष्ट ऐकत आलोय: यम बहिणीकडे जेवायला गेला, ती यमद्वितीया. त्याच दिवशी यमुनोत्रीचं देऊळ हिवाळ्यासाठी बंद होतं आणि यमुनामाई खाली खरसाली गावात मुक्कामाला येते. अक्षय्यतृतीयेला ती परत वर निघते, तेव्हा सोबत शनिदेवाची डोली असते. शनीही सूर्याचाच मुलगा, म्हणजे तिचा भाऊ. बहिणीला पोचवायला भाऊ जातो, हे कळल्यावर तर भावाला घेऊनच जायचं ठरलं.

जानकीचट्टीहून चढ साधारण ५ किलोमीटरचा. ऐकताना काहीच वाटत नाही, पण देऊळ ३,२०० मीटरहून उंचावर आहे. रामटेकच्या पायऱ्या चढून केलेला सराव लवकरच संपला. बाजूनं खेचरं, डोल्या. कोणी पाठीवरच्या कंडीत आजीला बसवून नेतोय. मध्येच पाऊस आला आणि बोटं आखडली.

"ताई, दमून राहिली का? बस थोडं."

"बसली तर उठणार नाही. चाल तू."

वर पोचलो तेव्हा दात वाजत होते. एका अंगाला बर्फगार यमुना, आणि देवळाजवळच सूर्यकुंडातून वाफा. त्या पाण्याचं तापमान ८८ अंशांच्या आसपास असतं. लोक कापडात तांदूळ, बटाटे बांधून त्यात सोडतात. आम्ही मामाकडचा भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ नेला होता. ना चूल, ना भांडं. दोरा धरून उभं राहायचं. भात शिजला, तोच प्रसाद. आधी कुंडाजवळच्या दिव्यशिलेची, म्हणजे तिथल्या पवित्र खडकाची पूजा, मग यमुनेची.

पावसाचं, बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं आणि वर येतं. हे मला ठाऊक आहे. तरी त्या वाफेत उभं राहिल्यावर, लेक थंडीत एकटी नांदते म्हणून बापानं तिच्या दारात ऊब ठेवली, हेच खरं वाटत होतं. दोन्हीही मी मनापासून मानते.

स्नानाचं कुंड वेगळं आहे, बायकांसाठी आडोसाही आहे. पाण्यात उतरले आणि गुडघे सुटले. बद्रीनाथलाही देवळाच्या पायथ्याशी तप्तकुंड आहे. तिथंही आधी स्नान, मग दर्शन. लांबून आलेल्या पाहुण्याला आधी हातपाय धुवायला गरम पाणी द्यावं, तसं देवच करतो. उपासतापासात आपण देहाला कष्ट देतो. इथे तो आधी शेकला जातो आणि मग मन आपोआप हात जोडतं. माझ्यासाठी दर्शन कुंडातच सुरू झालं.

एक गोष्ट मात्र जिव्हारी लागली. स्नानानंतर अंगावरची वस्त्रं, साड्या नदीत सोडतात. उगमाजवळच दगडांत कपडे अडकलेले पाहून पोटात कालवलं. माईला असं काही नको. ओले कपडे पिशवीत घालून खाली आणा.

आईच्यानं आता तो चढ होणार नाही. तिला किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला न्यायचंय. शरभंग ऋषींचा कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून रामानं बाण मारून तिथलं गरम पाणी काढलं, असं सांगतात. वाटेत माहूरला रेणुकामातेचंही दर्शन घडेल. तारीख भाऊच ठरवणार आहे.