आमची वाटचाल: सगळ्यांना नको असलेलं काम

सुरुवातीला आम्ही सगळंच करायचो. ऑइल बदल, ब्रेक, क्लच, सायलेन्सरला वेल्डिंग, जे दारात येईल ते. टायमिंग चेनचं (पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एकत्र फिरवणारी इंजिनातली साखळी) काम मात्र तेव्हा कुणालाच नको असायचं, कारण गाडी जागा अडवून बसते, दिवस जातात, आणि एवढं करून कस्टमरला बाहेरून काहीच दिसत नाही, नवीन टायर दिसतो, पेंट दिसतो, चेन काय कव्हरच्या आत. त्यामुळे ओळखीचे गॅरेजवाले "चेन तुटलीय, तुम्हीच बघा" म्हणून जुन्या गाड्या आमच्याकडे ढकलायला लागले, आणि धंदा नवीन होता, नाही कशाला म्हणणार. होता होता तेच आमचं मुख्य काम झालं, ठरवून वगैरे काही नाही.

गाडी यायची टो होऊनच, आणि मालकाची कहाणी बहुतेक वेळा एकच: सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड व्हायची, मग आपोआप थांबायची, म्हणून लक्ष दिलं नाही. ही खडखड म्हणजेच चेनची नोटीस असते हो. बऱ्याच इंजिनांत टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चेन दाबून धरतो, रात्रभर गाडी उभी राहिली की प्रेशर उतरतं, आणि चेनच्या पिना नि बुश झिजून ती लांब झालेली असेल तर प्रेशर येईपर्यंत ती गाइडवर, म्हणजे तिला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटत राहते. गाइडचं प्लास्टिक जुनं होऊन कडक झालेलं, त्याचे तुकडे पडतात, आणि मग एक दिवस चेन स्प्रॉकेटचा (ती ज्या दातेरी चाकावर फिरते त्याचा) दात तरी सोडते नाहीतर सरळ तुटते. काही गाड्यांत चेनऐवजी बेल्ट असतो, तो किती किलोमीटरला बदलायचा हे पुस्तकात लिहिलेलं असतं, चेनसाठी बहुतेक ठिकाणी तसा आकडा नसतो, म्हणून लोक ती जन्मभराची धरून चालतात. असते पण जन्मभराची, ऑइल वेळेवर बदललं तर. काळं घट्ट ऑइल वर्षानुवर्षं फिरवलं की टेन्शनरची बारीक भोकं तुंबतात आणि पिनाही लवकर झिजतात.

चेन तुटलीय हे आमच्या पोरांना आता सेल्फ मारल्याबरोबर आवाजावरून कळतं, इंजिन एकदम हलकं, सरळ फिरतं, कॉम्प्रेशनचा तो दम लागल्यासारखा आवाज येतच नाही. तरी खात्री म्हणून ऑइल फिलरचं झाकण काढून (जिथून कॅम दिसतो तिथे) बघायचं, क्रँक फिरतोय आणि कॅम जागचा हलत नाही. पण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा हिशोब चेन सांभाळते. ती तुटली की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन मात्र वर-खाली करतच असतो. काही इंजिनांत दोघांमध्ये जागा असते, तिथे नवीन चेन टाकली की गाडी चालू. ज्यात जागा नसते तिथे पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात, कधी व्हॉल्व्हची गाइड फुटते, कधी पिस्टनलाच भोक.

म्हणून आम्ही पहिल्यापासून एस्टिमेट दोन टप्प्यांत देतो, आणि धंदा टिकला तो मला वाटतं यामुळेच. पहिला टप्पा फक्त तपासणीचा: प्लग काढून आत कॅमेरा घालायचा, पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हचे ठसे आहेत का बघायचं. ठसे नसले तर चार सिलेंडरच्या सरळ इंजिनात क्रँक हाताने अशा जागी आणायचा की चारही पिस्टन मधोमध येतील, मग कॅम बिनधास्त फिरवून मार्कवर, म्हणजे जुळवणीच्या खुणेवर, आणता येतो, तात्पुरती चेन चढवून कॉम्प्रेशन बघायचं. त्यानंतरच सांगायचं, फक्त चेन किट लागेल की हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून लेथवर पाठवावं लागेल. काही कस्टमर चिडायचे, "फोनवर आकडा सांगा ना". नाही सांगत. न खोलता जो आकडा सांगतो तो नंतर दुप्पट करतो, हे आम्ही दुसरीकडून अर्धवट उघडून आलेल्या इंजिनांवर पुष्कळ बघितलंय.

दुसरा वाद असायचा किटचा. कस्टमर म्हणायचे, "चेन तुटली ना, मग फक्त चेन टाका". अहो, झिजलेल्या स्प्रॉकेटच्या दातांवर नवीन चेन बसवली तर तीही लवकर खराब होते, आणि जुना टेन्शनर ठेवला तर खडखड परत. चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट, पुढचं ऑइल सील, आणि ताणून बसणारे जे बोल्ट कंपनी एकदाच वापरायला सांगते ते नवीन. एवढं मान्य असेल तर काम घेतो, नाहीतर गाडी परत न्या म्हणतो, यात आमची बरीच कामं गेलीत, जाऊ देत.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवणं आम्ही कधी टाळत नाही. तुटलेल्या चेनचे तुकडे आणि गाइडचं प्लास्टिक खालीच पडलेलं असतं, ऑइल पंपाच्या जाळीला अडकलं की नवीन इंजिनाचंही वाटोळं. कव्हर बसवताना सिलिकॉनचं लोणी लावणारे पण असतात, ते जास्तीचं आत सुटून त्याच जाळीत जातं. आमच्याकडे नवीन पोराला हेच पहिलं शिकवतो, टायमिंग जुळवणं नंतर.

टायमिंगचं म्हणाल तर मार्क जुळवून टेन्शनर दाबून ठेवणारी पिन काढली की इंजिन हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि मार्क परत बघायचे. कुठे अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही, सेल्फ तर अजिबात नाही. चेनवरच्या रंगीत कड्या दोन फेऱ्यांनी परत मार्कवर येत नाहीत, त्याने नवीन पोरं घाबरतात, तिथे स्प्रॉकेटचे मार्क बघायचे असतात, कड्यांचे नाही. मग इंधन बंद ठेवून सेल्फ मारत ऑइलचं प्रेशर येऊ द्यायचं आणि त्यानंतरच स्टार्ट. पी-००१६ कोड (क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असं गाडीचा कॉम्प्युटर सांगतो तो) परत आला तर एखादा दात चुकलाय असं धरून चालायचं आणि कव्हर पुन्हा उघडायचं, कोड पुसून गाडी द्यायची नाही.

मधल्या काळात ज्यांची चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते अशा गाड्या यायला लागल्या. त्यात बऱ्याचदा इंजिनच बाहेर काढावं लागतं, तेव्हा आमच्याकडे होइस्ट (इंजिन उचलायचं यंत्र) नव्हता म्हणून त्या परत पाठवायचो. मग कर्ज काढून होइस्ट घेतला, क्रँक-कॅम जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकिंग टूलचे सेट एकेका इंजिनाप्रमाणे जमवत गेलो, आजही गॅरेजमधली सगळ्यात महाग भिंत तीच आहे. टूल भाड्याने मागतात लोक, देत नाही.

आता काम निवडून घेतो. हेड, पिस्टन दोन्ही गेलेत आणि बॉडी पण गंजलीय अशा गाडीला आम्हीच सांगतो की खर्च करू नका, चांगलं चालू इंजिन मिळालं तर ते बसवा, नाहीतर विका. आणि खडखड चालू असतानाच जो गाडी घेऊन येतो त्याचं काम आधी लावतो, टो होऊन आलेल्याला तसंही थांबायचंच असतं.