आमची वाटचाल : सोलापूरचा टॉवेल आणि परमुलखातला छोटा धंदा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत सहा यंत्रमागांवर जॉबवर्कने आमचा कारखाना सुरू झाला. सूत व्यापाऱ्याचे, डिझाइन व्यापाऱ्याचे, आमची फक्त मजुरी. पुढे स्वतःचे सूत घेऊन, स्वतः रंगवून टेरी, म्हणजे वर धाग्याचे लूप असलेले, टॉवेल आणि नॅपकिन विणू लागलो. आज आमचा बराचसा माल परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांकडे जातो. ते तिथे छोटा धंदा करतात आणि आम्ही त्यांना माल पुरवतो. त्यांचा धंदा टिकला तर आमची दुसरी ऑर्डर येते. नाही टिकला तर पहिल्या गठाणीवरच हिशेब मिटतो. म्हणून परक्या देशात कोणता धंदा धरावा, या प्रश्नात आम्हालाही लक्ष घालावे लागले. त्यातून जे कळले ते इथे मांडतो.

विचारणा बहुधा एकाच वाक्याने सुरू होते : "सोलापुरी चादरी इकडे विकायच्या आहेत, भाव काय?" भाव सांगण्याआधी आम्ही विचारतो, "तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात?" लोकांना हा प्रश्न आगाऊ वाटतो. पण परक्याचा धंदा मालावरून ठरत नाही, त्याला तिथे काय करायची मुभा आहे यावरून ठरतो.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला कंपनीची मालकी घेता येते, पण वेगळ्या मंजुरीशिवाय त्या कंपनीसाठी राबता येत नाही. घरी बसून खोकी भरणे, ग्राहकांना उत्तरे देणे हेसुद्धा कामच धरले जाते. जोडीदाराला एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी, म्हणजे ईएडी, मिळाली असेल तर धंदा तिच्या किंवा त्याच्या नावे रीतसर चालू शकतो. छोट्या गुंतवणूकदारांसाठीचा ई-टू व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, कारण भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करण्याला बंदी आहे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला एबीएन, म्हणजे व्यवसाय नोंदणीचा, क्रमांक काढून काम करता येते, पण शिक्षण चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि धंद्याचे तासही त्यातच मोजले जातात. जर्मनीत स्वतंत्र व्यवसाय करता येतो की नाही, याची ओळ निवास परवान्यावर किंवा सोबतच्या पुरवणी कागदावर छापलेली असते. ती ओळ वाचल्याशिवाय नगरपालिकेत व्यवसाय नोंदवायला जाऊ नये. जपानमध्ये व्यवसाय व्यवस्थापक व्हिसासाठी लागणारे भांडवल ऑक्टोबर 2025 मध्ये 50 लाख येनांवरून 3 कोटी येनांवर गेले. छोटे दुकान टाकून तिथे राहण्याचा मार्ग त्यामुळे जवळपास बंद झाला.

आखाती देशांत प्रश्न निराळा असतो. अमिरातीत जून 2021 पासून बहुतेक व्यवसायांत मुख्य भूमीवरही, म्हणजे फ्री झोन या खास व्यापारी क्षेत्रांच्या बाहेरही, शंभर टक्के परकीय मालकी चालते. फ्री झोनचे लायसन्स स्वस्त दिसते म्हणून लोक तेच घेतात, आणि मग कळते की त्यावर मुख्य भूमीवरच्या दुकानांना सरळ माल विकता येत नाही, मध्ये वितरक किंवा वेगळी परवानगी लागते. आपले गिऱ्हाईक कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहावे आणि मगच लायसन्स निवडावे.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. ओळखीच्या स्थानिक माणसाच्या नावावर धंदा टाकून पाठीमागून स्वतः चालवू नका. सौदी अरेबियात त्याला 'तसत्तुर' म्हणतात आणि 2020 च्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाख रियालपर्यंत दंड आहे. थायलंडमध्ये 1999 च्या परकीय व्यवसाय कायद्याने 10 कोटी बाथपेक्षा कमी भांडवलाचा किरकोळ व्यापार परक्यांना खास परवानगीशिवाय बंद ठेवला आहे, आणि नावापुरते थाई भागीदार दाखवणे हा तिथे गुन्हा आहे. अशा धंद्याला आम्ही माल देत नाही. हे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे गुंतवण्याच्या आदल्या महिन्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा वाचून घ्यावेत.

मुभा आहे असे ठरले, की मग माल. चादरीचे आधी सांगतो, कारण सोलापूर म्हटले की चादर. सोलापुरी चादरीला आणि सोलापूर टेरी टॉवेलला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण परदेशात नवख्याने चादरीवर धंदा उभा करू नये. तिथल्या पलंगांची मापे वेगळी, घरे आतून गरम केलेली, आणि पांघरायला दुलई. चादर घेतात ती मराठी, कन्नड, तेलुगू घरे, आणि चांगली चादर वर्षानुवर्षे फाटत नाही. तेच गिऱ्हाईक परत यायला फार काळ जातो. गणेशोत्सव-दिवाळीत मंडळाच्या स्टॉलवर पन्नास जातील, मग आठ महिने गठाण कोपऱ्यात.

खाद्यपदार्थांची मागणी खरी असते, पण धोकेही खरे असतात. शेंगा चटणीत शेंगदाणा आहे. म्हणजे एक तर ॲलर्जीचा पदार्थ, जो वेष्टनावर ठळक लिहावाच लागतो, आणि दुसरे म्हणजे बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन. थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी युरोपीय संघाची मर्यादा त्यातल्या बी-वन या प्रकारासाठी किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आणि एकूण 4 मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची एकूण 20. म्हणजे एकच पोते अमेरिकेत चालेल आणि हॅम्बुर्गला अडकेल. शिवाय उखळात कुटलेली चटणी तेल सोडते, हीच तिची चव. पण ते तेल साध्या पिशवीच्या शिवणीतून झिरपते, लेबल सुटते आणि हवा लागून खवट होते. तीन थरांची पिशवी, नायट्रोजन भरणे आणि कमी मुदत, एवढे जमत असेल तरच निर्यात करावी. त्याहून बरे म्हणजे तिथलाच तपासलेला शेंगदाणा घेऊन तिथल्या नोंदणीकृत स्वयंपाकघरात कुटणे. ब्रिटनमध्ये खाद्यव्यवसायाची नोंदणी धंदा सुरू करण्याच्या 28 दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे करायची असते आणि तिला फी नाही.

कडक भाकरीबाबत एकच चूक वारंवार दिसते. ज्वारीत ग्लुटेन नाही म्हणून पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' छापतात. पण तीच चक्की सकाळी गहू दळत असेल तर पिठात गहू येतोच, आणि अमेरिका व युरोप दोन्हीकडे मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅमची आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी कितीही उत्तम असो, ज्वारीची स्वतंत्र चक्की आणि तपासणीचा दाखला नसेल तर तो शब्द छापू नये.

आमचा आवडता सल्ला आहे सलूनच्या नॅपकिनचा. जर्मनीत केशकर्तनालय स्वतः काढायला हस्तकला कायद्यानुसार साधारणपणे माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, पात्रता लागते. अमेरिकेत राज्याचे लायसन्स लागते. परक्याला ती पायरी चढायला काही वर्षे जातात. पण त्या सलूनला कापड पुरवायला किंवा त्याचे टॉवेल धुवून द्यायला तशी पात्रता लागत नाही. ज्याच्याकडे परवाना आहे त्याला रोज लागणारी वस्तू पुरवणे, ही परक्यासाठी सर्वांत सोपी वाट आहे.

हिशेब असा. चार खुर्च्यांचे सलून, खुर्चीमागे दिवसाला आठ गिऱ्हाइके, गिऱ्हाइकामागे सरासरी दीड नॅपकिन, म्हणजे दिवसाला 48. एक जोड वापरात, एक धुण्यात, एक फळीवर, असे तीन जोड धरले तर 144. आपण 150 धरू. 40×70 सेंटिमीटरचा 400 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम वजनाचा, नॅपकिन 112 ग्रॅम भरतो. दाबून भरले तर 60×40×40 सेंटिमीटरच्या खोक्यात साधारण 20 किलो, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास नग बसतात. कुरिअरचे आकारमानाचे वजन लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले 5000, म्हणजे 19.2 किलो. खऱ्या वजनाच्या जवळ, त्यामुळे भाडे वाया जात नाही. एका खोक्यात एक सलून बसते.

पण नुसती विक्री पुरत नाही. महिन्याला 26 दिवस धरले तर 1248 नॅपकिन धुतले जातात, म्हणजे प्रत्येकाला महिन्यात आठ धुणी, वर्षाला शंभर. शंभर ते दीडशे धुण्यांनंतर टेरीचे लूप विरळ होतात. म्हणजे सलून वर्ष-दीड वर्षाने एकदा 150 नग घेणार. चाळीस सलून जोडली तरी त्यावर घर चालत नाही. विकण्याऐवजी नॅपकिन भाड्याने देऊन धुवून आणून द्यावेत. मग गिऱ्हाईक वर्षातून एकदा भेटण्याऐवजी आठवड्यातून तीनदा भेटते.

1248 नॅपकिन म्हणजे कोरडे 140 किलो. दहा किलोच्या मशीनमध्ये टेरी आठ किलोच्या वर घालू नये, पाणी खेळत नाही आणि साबण लूपमध्येच राहतो. एका सलूनचे महिन्याला साडेसतरा घाणे. दहा सलूनचे 175, म्हणजे दिवसाला सात. अडते ते ड्रायरवर, कारण घाण्याला सुमारे तास जातो. एक माणूस, एक मशीन, एक ड्रायर, एक गाडी आणि दहा सलून, एवढ्यात एकट्याचा दिवस भरतो. दर ठरवताना पाणी, वीज, साबण, फेरीचे पेट्रोल आणि स्वतःचा वेळ यांत नॅपकिनची झीजही धरावी : किंमत भागिले 120. ही शेवटची रक्कम लोक विसरतात आणि वर्षाने नवा जोड घ्यायला गल्ल्यात पैसे नसतात.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये हा उद्योग करू नये. घरभाड्याच्या करारात बहुधा व्यावसायिक धुलाईला मनाई असते. गाळा घेण्याआधी पाण्याचा निचरा, ड्रायरची हवा बाहेर सोडायची जागा आणि विम्याची अट, या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.

माल सांगताना जीएसएमचा मोह टाळावा. सलूनवाले जाड मागतात, पण 500 चा नॅपकिन वाळायला जास्त वेळ आणि जास्त वीज घेतो. 380 ते 420 पुरे. रंग काळा किंवा गडद तपकिरी घ्यावा आणि तो व्हॅट रंग, म्हणजे धाग्यात शिरून पाण्यात न विरघळणारा होणारा पक्का रंग, असावा. सुतासाठी सर्रास वापरला जाणारा रिअॅक्टिव्ह रंग क्लोरीन ब्लीचने आणि केसांच्या डायमधल्या पेरॉक्साइडने उडतो, नारिंगी डाग पडतात. बहुतेक व्हॅट रंग तग धरतात. सुती कापड पहिल्या धुण्यांत पाच-सात टक्के आटते. काठ पॉलिएस्टर दोऱ्याने घट्ट शिवला असेल तर कापड आटते, दोरा आटत नाही, आणि काठाला लाटा येतात. म्हणून आम्ही शिलाईचा टाका सैल ठेवतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर बसला की नॅपकिन मऊ लागतो, पण पाणी टिपत नाही. निघालेला लूप ओढू नये, कात्रीने कापावा. ओढला तर अख्खी ओळ उसवते.

मसाज पार्लरचे काम सलूनच्या कामात मिसळू नका. तेल लागलेले टॉवेल कमी गरम पाण्यात नीट निघत नाहीत, आणि उरलेले तेल ड्रायरच्या उष्णतेने तापून, गरमगरम घडी करून रचलेल्या थप्पीत आपोआप पेट घेऊ शकते. ते टॉवेल वेगळे, किमान 60 अंशांवर, भरपूर डिटर्जंटने धुवावेत. ड्रायरमध्ये शेवटी थंड हवेचा फेरा द्यावा आणि गार झाल्यावरच घडी घालावी. लिंटची जाळी प्रत्येक घाण्यानंतर साफ करावी.

कागदपत्रांत आमची बाजू ठरलेली आहे : आयात-निर्यात कोड, जीएसटीचे एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र), बीजक, पॅकिंग लिस्ट, उगम दाखला. सुती टेरीचा शुल्कक्रम 630260. भारत-अमिराती व्यापार करार 1 मे 2022 पासून, तर ऑस्ट्रेलियाचा 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. उगम दाखला जोडला तरच त्यातल्या शुल्क सवलतीचा फायदा मिळतो. युरोपीय संघात 12 टक्के शुल्क धरून भाव काढावा. अमेरिकेत 800 डॉलरखालच्या पार्सलची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून संपली, त्यामुळे 'थोडे थोडे पाठवा' हा जुना उपाय आता लागू नाही. जर्मनीत एक खोके विकले तरी वेष्टन नोंदणी, म्हणजे लुसिड, करावी लागते. पावसाळ्यात न्हावाशेव्याहून समुद्रमार्गे जाणारी गठाण आम्ही प्लॅस्टिकचे अस्तर आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालूनच बांधतो. कंटेनरच्या छतावर दव धरून ते मालावर ठिबकते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात.

पहिल्या ऑर्डरआधी आम्ही बारा नॅपकिन पाठवतो, सहा काळे आणि सहा तपकिरी, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर धाग्याने क्रमांक. तिथल्या पाण्यात, तिथल्या साबणाने ते वीस वेळा धुवायचे. पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या धुण्यानंतर लांबी-रुंदी मोजायची, एका पांढऱ्या रुमालावर ओला नॅपकिन चोळून रंग लागतो का पाहायचा आणि मापे आम्हाला कळवायची. यातले चार नॅपकिन ओळखीच्या एखाद्या सलूनमध्ये महिनाभर वापरायला द्यावेत, आणि महिन्याने सलूनवाला ते परत देतो की आणखी मागतो ते पाहावे.