कार्ल्याची जोडपी

रविवार, रात्र

वहिनीचा नवस फेडायला आज एकवीरेला गेलो. दर्शन झाल्यावर मंडळी खाली मिसळीच्या शोधात उतरली, मी तिकीट काढून कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात शिरलो. देऊळ लेण्याला इतकं खेटून आहे की आत उभं राहूनही घंटा आणि ‘आई माउलीचा उदो’ कानावर येतच राहतो.

सगळे सरळ आत जातात, छताच्या लाकडी कमानी बघायला. त्या आहेतही बघण्यासारख्या, दोन हजार वर्षांचं लाकूड! पण मी व्हरांड्यातच रेंगाळलो. दारांच्या मधल्या भिंतींवर जोडपी कोरलीत, जवळजवळ माणसाएवढी. एकात त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे. मिरवायला ठेवलेला वाटत नाही, रोजच्या सवयीनं पडलेला वाटतो. तिच्या पायांत जाडजूड वाळे, कमरेला मेखला. भार एका पायावर टाकून निवांत उभी. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. नजरेला नजर भिडवल्याशिवाय आपल्याकडे प्रेम दाखवताच येत नाही, निदान लग्नाच्या अल्बमांत तरी. इथे सगळं त्या हाताच्या वजनात आलंय.

एक गाइड कुणाला तरी ‘राजा-राणी’ सांगत होता. राजा कुठला! नावं कुणालाच ठाऊक नाहीत. नावं आहेत ती दान देणाऱ्यांची. वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठनं तर हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं कोरूनच ठेवलंय. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, खांब दिले. आणि इथल्या एका लेखात मिथुनशिल्पाचं, म्हणजे अशाच जोडप्याचं, दान भदसम नावाच्या भिक्खूचं आहे.

माझं घोडं इथेच अडलं. घरदार सोडलेल्या माणसानं पुण्य म्हणून जोडपं कोरून घ्यावं? मिथुन हे मंगलचिन्ह, दारावर ते असायचंच, असं अभ्यासक सांगतात. पटतं. तरी मंगल म्हणून कमळ, पूर्णघट काहीही चाललं असतं. पुढे काही शतकांनी इथेच बुद्धमूर्ती कोरल्या, त्याही या जोडप्यांच्या मधल्या जागांत. तेव्हाच्या भिक्खूंनाही ती खटकली नसावीत.

तेवढ्यात वहिनीचा फोन, ‘भाऊजी, मिसळ गार होतेय.’ आतले हत्तींवर बसलेले स्वार धावतच पाहिले. कान्हेरीच्या तीन नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यातही अशी जोडपी आहेत. तिकडे मात्र एकट्यानं जायचं, तेही सुट्टीचा दिवस टाळून.