फळ्यावरचा गडगडाट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि इंग्रजीच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. खरं तर ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात झालेल्या स्नेहसंमेलनाबद्दल, क्रीडादिनाबद्दलही लिहायला हवं. पण माझी शाळा म्हणजे बाईच.

आठवीतली जूनमधली दुपार. येऊरच्या डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलेलं, वर्गातले दिवे गेलेले. इतक्यात असा गडगडाट झाला की तावदानं थरथरली आणि मुली किंचाळल्या. बाईंनी शांतपणे खडू उचलला आणि फळ्यावर ‘अ‍ॅस्टॉनिश’ लिहिलं. "आत्ता तुमचं जे झालं ना, ते हे!"

लॅटिनमध्ये ‘टोनारे’ म्हणजे गडगडणं. तिथून जुन्या फ्रेंचमधून हे क्रियापद इंग्रजीत आलं. आधी त्याचा अर्थ होता बधिर करून टाकणं; चकित करणं हा अर्थ नंतर रुळला. ‘स्टन’ आणि ‘अस्टाउंड’ त्याच घरातले. मग बाईंनी शेजारी ‘स्तनित’ लिहिलं. मेघगर्जनेचा हा संस्कृत शब्दही त्याच कुळातला! आमच्या ‘आ’ वासलेल्या तोंडांकडे बघून त्या इतक्या खुलल्या होत्या!

व्याकरणही त्यांनी त्यातूनच सोडवलं. आपण ‘मी थक्क झालो’ म्हणतो, म्हणून मुलं ‘आय अ‍ॅस्टॉनिश्ड’ लिहायची. बाई विचारायच्या, "वीज तू पाडलीस, की तुझ्यावर पडली? मग ‘आय वॉज’ लिही." धक्का देणारी गोष्ट ‘अ‍ॅस्टॉनिशिंग’, धक्का बसलेला माणूस ‘अ‍ॅस्टॉनिश्ड’. आणि पाहुणे न कळवता आले तर ‘सरप्राइज’ पुरे, तिथे वीज पाडायची नाही. ‘फ्लॅबरगास्ट’ 1772 साली नव्या फॅशनचा शब्द म्हणून छापून आला, पण त्याचं मूळ आजही नक्की सापडलेलं नाही, हेही त्यांच्याचकडून कळलं. गाइडात नियम असायचे, त्यांची कारणं बाईंकडे असायची.

आज मी भाषांतरावर घर चालवते. अडलेल्या शब्दाचं मूळ आधी शोधायचं, ही सवय त्यांचीच. जुनी कौलारू इमारत गेली, वर्गांत प्रोजेक्टर आले, ते ठीकच. मराठी माध्यमाच्या तुकड्या मात्र कमी होत गेल्या, ते फार लागतं. स्तनित आणि अ‍ॅस्टॉनिश एकाच फळ्यावर येण्यासाठी दोन्ही भाषा वर्गात नांदाव्या लागतात.

बाईंच्या नावाने ग्रंथालयाला इंग्रजी व्युत्पत्तिकोश देत आहे. तो कपाटात कुलूपबंद न ठेवता आठवीच्या वर्गात ठेवावा, एवढी समितीला विनंती.