तुम्ही विचारलंत म्हणून: मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर बसतो का?

गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हटलं की समोरचा माणूस हमखास एक प्रश्न काढतो. ऑटोमॅटिक गाडीवाला घरातूनच बटण दाबतो, गाडी चालू होते, तो येईपर्यंत आतली हवा हवी तशी झालेली असते. माझ्या गाडीला क्लच आहे, गिअरची दांडी आहे. मला हे करता येईल का? कोणी म्हणतं, अमक्या वायरमनने सरळ नाही सांगितलं. कोणी म्हणतं, दुसऱ्याने तासाभरात बसवून देतो म्हटलं. मग खरं काय?

बसतो. मॅन्युअल गाडीसाठी बनवलेलं युनिट घेतलं, नीट बसवलं आणि त्याची शिस्त पाळली तर व्यवस्थित चालतो. पण मला विचाराल तर त्या तासाभरात बसवून देणाऱ्यापेक्षा नाही म्हणणारा वायरमन बरा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण यात ज्याचा जीव जाऊ शकतो तो गाडीचा मालक असेलच असं नाही. गाडीसमोरून जाणारा कोणीही असू शकतो.

ऑटोमॅटिक गाडीत दांडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ, म्हणजे इंजिनाला फिरवून चालू करणारी मोटर, फिरतच नाही, ती खात्री कंपनीनेच करून ठेवलेली असते. मॅन्युअल गाडीत ती खात्री तुमचा डावा पाय करतो. बऱ्याच गाड्यांना क्लचच्या पेडलवर एक स्विच असतो आणि क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. जुन्या काही गाड्यांना तोही नसतो. रिमोटने गाडी चालू करताना आत पायच नाही. म्हणजे त्या स्विचला आपल्याला फसवावं लागतं आणि ज्या क्षणी फसवलं त्या क्षणी गाडीची एकुलती एक राखण आपण काढून घेतलेली असते.

गाडी गिअरमध्ये राहिली आणि रिमोट दाबला तर काय होतं, याबद्दल लोकांचा अंदाज फार सौम्य असतो. ‘एक हिसका बसेल आणि बंद पडेल’ असं बहुतेक जण म्हणतात. जरा आकडे पाहू. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. सेल्फ इंजिनाला मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांनी फिरवतो आणि चाकाचा घेर जवळजवळ २ मीटर असतो. म्हणजे नुसत्या सेल्फवर गाडी ताशी दीड-पावणेदोन किलोमीटरने पुढे सरकते. मग इंजिन पकडतं. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, ८०० फेऱ्या धरल्या तर हाच वेग ताशी साडेसहा-सात किलोमीटर होतो, भरभर चालणाऱ्या माणसाइतका. इंजिन थंड असेल तर आयडल आणखी वर असतो. आजकालच्या इंजिनाचा कॉम्प्युटर आयडल पडू देत नाही, भार आला की तो इंधन वाढवतो, म्हणून गाडी बंद पडेलच यावर विसंबता येत नाही. डिझेल तर आयडललाच पुष्कळ ओढतं. टनभर वजन, आत कोणी नाही, समोर भिंत आणि मध्ये माणूस. शिवाय बरीच युनिटं पहिल्या वेळी इंजिन पकडलं नाही तर आपणहून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सेल्फ मारतात. तो पहिला हिसका शेवटचा नसतो.

हँडल मारून गाडी चालू करण्याच्या काळातही हा धोका होताच. गिअर तपासायचा राहिला की हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर गाडी यायची. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने बनवलेला विजेचा सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये आला आणि चालू करणारा माणूस गाडीसमोरून उठून स्टिअरिंगमागे बसला. रिमोट त्याला तिथून पुन्हा बाहेर काढतो. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच: आता न्यूट्रल कोण तपासणार?

याचं जे उत्तर या धंद्यातल्या लोकांनी शोधलं, ते मला मनापासून आवडतं. त्याला रेडी मोड म्हणतात, काही युनिटांच्या पुस्तिकेत रिझर्वेशन मोड असतं. गाडी लावताना इंजिन बंद करायचं नाही. दांडी न्यूट्रलला आणायची, हँडब्रेक ओढायचा, क्लच आणि ब्रेक दोन्हींवरून पाय काढायचे, मग रिमोटचं बटण दाबायचं आणि किल्ली काढून घ्यायची. इंजिन चालूच राहतं, आता त्याला युनिटने धरलेलं असतं. तुम्ही उतरता, सगळी दारं लावता, लॉक करता. दारं बंद झाल्याची खात्री पटली की युनिट स्वतः इंजिन बंद करतं. आता, आणि फक्त आताच, गाडी रिमोटने चालू व्हायला तयार असते. मध्ये एखादं दार उघडलं, ब्रेकचं पेडल दाबलं गेलं किंवा हँडब्रेक सुटला की ही तयारी रद्द. नंतर रिमोट कितीही दाबा, लाइट मिचकावून गाडी नकार देते.

यातली मेख पाहा. युनिटला दांडी दिसत नाही, गिअरबॉक्समध्ये काय चाललंय ते कळत नाही. तरी ते न्यूट्रल सिद्ध करून घेतं. कसं? इंजिन चालू होतं, क्लचवर कोणाचाही पाय नव्हता, तरी गाडी जागची हलली नाही आणि बंदही पडली नाही. म्हणजे त्या वेळी गाडी गिअरमध्ये असणं शक्यच नव्हतं. त्यानंतर एकही दार उघडलं नाही, म्हणजे आत जाऊन दांडी हलवायला कोणी गेलेलं नाही. म्हणून गाडी अजून न्यूट्रललाच आहे. विसरभोळ्या माणसाने गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवून हे सगळं करायचं म्हटलं तरी जमत नाही, क्लच सोडताक्षणी गाडी धडपडून बंद पडते किंवा पुढे सरकते, म्हणजे चूक त्याच्या समोरच उघडी पडते.

पण ही सिद्धता दारांच्या साक्षीवर उभी आहे. साक्षीदार खोटा निघाला तर सगळंच गेलं, आणि तो खोटा निघायचे रस्ते बरेच आहेत. गाडी लॉक करताना मागच्या सीटवर मूल झोपलेलं असलं तर? दार न उघडता ते पुढे येऊन दांडी हलवू शकतं. इंजिन बंद असताना दांडी क्लचशिवायही बऱ्याचदा गिअरमध्ये जाते. काच अर्धी उघडी राहिली तर? बाहेरून हात घालता येतो. म्हणूनच वर उघडणाऱ्या किंवा काढता येणाऱ्या छताच्या मॅन्युअल गाडीला हे बसवू नये, तिथे माझ्याकडून सरळ नाही असतं, कितीही आग्रह झाला तरी. दाराचा स्विच गंजून अडकला तर? दार उघडल्यावर आतला दिवा लागत नाही, म्हणून आपण म्हणतो जाऊ दे, दिवाच तर आहे. रेडी मोडसाठी तोच स्विच डोळा असतो.

आणि बसवणाऱ्यांची एक नेहमीची पळवाट इथेच आहे. काही गाड्यांत चारही दारांची वायर एकत्र येते, काहींत ड्रायव्हरचं दार वेगळं आणि बाकीची वेगळी असतात. घाईतला माणूस ड्रायव्हरच्या दाराची वायर शोधतो, जोडतो आणि मोकळा होतो. मागच्या दारातून कोणी आत शिरलं तर युनिटला पत्ताच लागत नाही. जोडणी झाल्यावर मी प्रत्येक दार, डिकीसुद्धा, एकेक करून उघडतो आणि प्रत्येक वेळी रेडी मोड सुटतो का ते बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण या कामाचा खरा जीव त्यातच आहे.

याहून वाईट पळवाट क्लचच्या स्विचची. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या की काम पाच मिनिटांत होतं. पण मग तो स्विच कायमचाच मेला. उद्या घरातलं कोणी किल्लीने गाडी चालू करायला गेलं, गाडी गिअरमध्ये असली आणि क्लच दाबलेला नसला, तर गाडी उडी मारणार. योग्य पद्धत अशी की हे बायपास रिलेमधून (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) घ्यायचं आणि युनिट स्वतः सेल्फ मारत असेल तेवढाच वेळ तो रिले चालू राहिला पाहिजे. किल्लीने चालू करणाऱ्याला पूर्वीसारखा क्लच दाबावाच लागला पाहिजे. तुमच्या गाडीला हे बसवलेलं असेल तर आजच तपासा: हँडब्रेक ओढा, दांडी न्यूट्रलला ठेवा आणि क्लच न दाबता किल्ली फिरवा. क्लचचा स्विच असलेल्या गाडीत सेल्फ फिरला, तर काम परत करून घ्या.

बाकीच्या वायरिंगबद्दल थोडक्यात. इग्निशनच्या वायरींतून मोठा करंट जातो, तिथे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड चालत नाही, सोल्डर किंवा चांगला क्रिंप (दाबून घट्ट बसवलेला धातूचा जोड) हवा आणि प्रत्येक लाइनला तिचा फ्यूज हवा. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. वायर ओळखायला बल्बचा टेस्टर नको, मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू झालं की नाही हे युनिटने आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या, सिग्नलवरून ओळखणं चांगलं. नुसत्या बॅटरीच्या व्होल्टेजवर सोडलं तर अशक्त बॅटरीच्या गाडीत त्याची गफलत होते आणि सेल्फ गरजेपेक्षा जास्त किंवा कमी फिरतो. डिझेल गाडीला ग्लो प्लग (थंड इंजिन पेटायला मदत करणारे तापक) तापेपर्यंत थांबण्याची सेटिंग हवीच. बॉनेट उघडलं की युनिटला कळवणारा पिन स्विच असलाच पाहिजे, उघड्या बॉनेटखाली कोणाचा हात असताना इंजिन चालू होता कामा नये.

इमोबिलायझरचा प्रश्न बरेच जण शेवटी विचारतात, खरं तर तो आधी विचारायला हवा. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालत नाही, त्यामुळे रिमोटने चालू करताना त्या चिपची जागा घेणारं बायपास मॉड्यूल लागतं. एक जुनी युक्ती म्हणजे जास्तीची किल्ली डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवणं. मला ती पटत नाही. चोरापासून राखणारी गोष्ट चोराच्या हाताशी ठेवण्यात काय अर्थ? तुमच्या गाडीला चालणारं डेटा मॉड्यूल, म्हणजे किल्ली न लपवता गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं बायपास, मिळत असेल तरच पुढे जा. आणि वॉरंटी व विमा यांबद्दल जे कोणी तोंडी ‘काही होत नाही’ म्हणेल, त्याच्याकडून ते लेखी घ्या.

आता सवयीचं. पुष्कळ चांगले ड्रायव्हर गाडी लावताना ती गिअरमध्ये टाकतात, उतारावर तर नक्कीच, आणि ते बरोबरच आहे. रेडी मोडमध्ये गाडी न्यूट्रलला आणि केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उभी राहते. केबल सैल असेल तर ती घरंगळते. म्हणून मी आधी हँडब्रेक बघतो, मगच युनिटचं बोलतो. ज्यांची गाडी रोज उतारावर उभी राहते त्यांना मी हे बसवू नका म्हणतो. कडाक्याच्या थंडीत ओढून ठेवलेला हँडब्रेक गोठून अडकू शकतो, आणि नेमकं थंडीसाठीच तर लोकांना रिमोट हवा असतो.

बंद गॅरेजचं तर बोलायलाच नको. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. पंधरा मिनिटांनी इंजिन आपोआप बंद होतं म्हणून निश्चिंत राहू नका, बंद जागेत तेवढा वेळ खूप झाला. रिमोट खिशात दाबला जाऊ शकतो, म्हणून चालू करायला दोनदा दाबावं लागेल अशी सेटिंग ठेवा. गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये लावत असाल तर रेडी मोड लावूच नका.

हे सगळं ऐकल्यावर कोणी विचारतं, मग घेऊ की नको? मी उलट विचारतो, कशासाठी हवाय? इंजिन गरम करायला हवा असेल तर गरज नाही. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन अर्ध्या मिनिटाने हळू चालवायला घेतलं की उभ्या उभ्या तापण्यापेक्षा लवकर तापतं. उलट थंड इंजिन बराच वेळ आयडलला ठेवलं की जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. काचेवरचा बर्फ घालवायचा असेल तर गरज खरी आहे, पण त्यासाठी पार्किंग हीटरही मिळतो. तो इंधन जाळून आतली हवा तापवतो आणि इंजिन चालू करत नाही, त्यामुळे गिअरचा सवालच उरत नाही. महाग असतो, पण मॅन्युअल गाडीसाठी मी आधी तोच सुचवतो. उन्हात तापलेली गाडी थंड करायला मात्र त्याचा उपयोग नाही. कोणाला उष्णता सहन होत नसेल, घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर रिमोट स्टार्टरची सोय मी चैन म्हणणार नाही.

घ्यायचं ठरलंच तर बसवणाऱ्यासमोर उभं राहून चाचणी करून घ्या. मोकळी जागा, गाडीपुढे आणि मागे कोणी नाही, चाकांना अडण लावलेली. रेडी मोड लावा, मग एक दार उघडून बंद करा आणि रिमोट दाबा: गाडी चालू होता कामा नये. प्रत्येक दाराने हेच करा. मग बॉनेटने, मग हँडब्रेक सोडून. पुन्हा रेडी मोड लावून गाडी चालू करा, आत बसा आणि किल्ली न लावता ब्रेक दाबा: इंजिन बंद पडलं पाहिजे. घरात आणखी कोणी ती गाडी चालवत असेल तर त्यालाही चाचणीला घेऊन जा. दारांची चाचणी दर काही महिन्यांनी घरी करत राहा, स्विच गंजतात.

आणि गाडी सर्व्हिसला टाकताना युनिटचा व्हॅले मोड चालू करा, म्हणजे रिमोट निष्क्रिय होतो. गाडीखाली शिरणाऱ्या मेकॅनिकला या युनिटबद्दल स्वतः सांगा, आणि काम होईपर्यंत रिमोट त्याच्याच हातात द्या.